सिल्व्हर मॉलमधून आणलेले दोन लॅपटॉप: दीड वर्षानंतर

जुलै २०२४ मध्ये आमच्या घरात आठ दिवसांच्या अंतराने दोन प्रवेश पक्के झाले. लेकीला देवी अहिल्या विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्र मिळालं आणि धारच्या वन्संच्या मुलाला इथेच इंदूरला सिव्हिल इंजिनिअरिंग. भाचा राहणार आमच्याकडे, सुदामा नगरात, त्यामुळे त्याच्या लॅपटॉपचं कामही माझ्याच गळ्यात आलं. वन्सं फोनवर म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं, साठ हजारापर्यंत बघा." मला कळतं ते एवढंच, की दवा बाजारात एका होलसेलरकडे मी बावीस वर्षं टॅलीवर हिशेब लिहितेय. आमच्या नातेवाइकांच्या लेखी टॅली येणारी बाई आणि रॉकेट सोडणारी बाई यांच्यात फार फरक नाही.

आमच्या ह्यांचा तोडगा सोपा होता: "एकच चांगला घ्या, दोघं पाळीने वापरतील." त्यावरून घरात दोन दिवस काय झालं ते इथे लिहीत नाही.

दवा बाजार आणि सिल्व्हर मॉल, दोन्ही आरएनटी मार्गावर. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर आटपायचा आणि तिकडे चक्कर मारायची, असं मी आठवडाभर केलं. पाच दुकानं झाली. पाचही ठिकाणी पहिला प्रश्न एकच: "आंटीजी, बजट बताओ." मुलं काय शिकणार आहेत, हे एकानेही विचारलं नाही. साठ हजार म्हटलं की अठ्ठावन्नचा पुढ्यात यायचा, चाळीस म्हटलं की एकोणचाळीसचा. अशी खरेदी मी साडीचीसुद्धा करत नाही.

एका दुकानात चाळिशीतला एक लॅपटॉप फार आग्रहाने दाखवला. पातळ, चंदेरी, वर स्टिकर 'रायझन ५, ७००० सिरीज'. पोरगा म्हणाला, एकदम लेटेस्ट. मी आपली सवयीने पूर्ण नंबर बिलाच्या पाठीमागे उतरवून घेतला: ७५२०यू. रात्री बसून वाचलं तेव्हा डोकं गरगरलं. रायझन हे एएमडी कंपनीचे प्रोसेसर; त्यांच्या त्या पिढीच्या नंबरात पहिला आकडा वर्षाचा आणि तिसरा आकडा आतल्या रचनेचा. तिसरा आकडा २ म्हणजे आत झेन २, जी २०१९ मध्ये आली होती. तोच तिसरा आकडा ३ असलेला ७५३०यू झेन ३ चा, चारऐवजी सहा कोअरचा. नाव दोघांचंही रायझन ५, वर्षही तेच. शिवाय ७५२०यूला लागते ती रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे ८ जीबी घेतली तर जन्मभर ८ जीबीच. औषधाच्या धंद्यात बॅच नंबर आणि एक्स्पायरी न बघता माल उतरवून घेतला तर शेठ घरी पाठवतील. इथे लोक पन्नास हजारांचा माल स्टिकर बघून उचलतात.

इंटेलचं त्यामानाने सोपं वाटलं. १२३५यू, १२४५०एच अशा नंबरात पहिले दोन आकडे पिढीचे, बारावी. शेवटचं यू म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी टिकवणारा. एच म्हणजे दणकट, पण गरम होणारा आणि वीज पिणारा. नंतर त्यांनी 'कोअर अल्ट्रा' काढून हेही बदललं, ते वेगळं.

मग मी बाजार बंद ठेवला आणि दोन्ही मुलांना कामाला लावलं. लॅपटॉपचं नाव काढायचं नाही. आधी सीनियरना विचारून या की कोणत्या सेमिस्टरला कोणतं सॉफ्टवेअर लागतं. लेकीची यादी आली: एक्सेल, आकडेवारीसाठी आर आणि ग्रेटल, आणि त्याच कामाचं लॅबमधलं एसपीएसएस. भाच्याची यादी: ड्रॉइंगसाठी ऑटोकॅड, मग इमारतीच्या थ्रीडी मॉडेलसाठी रेव्हिट, पुढे तिसऱ्या वर्षाला बांधकामाच्या मजबुतीच्या हिशेबासाठी स्टॅड प्रो. दोन याद्या समोर ठेवल्यावर अर्धा निर्णय आपोआप झाला. रेव्हिट आणि स्टॅड प्रो फक्त विंडोजवर चालतात. ऑफिसातले एक सहकारी "मॅकबुक एअर घ्या, दहा वर्षं बघायला नको" म्हणत होते. भाच्याच्या बाबतीत तो विषय तिथेच संपला. लेकीचं काम मॅकवर झालं असतं, आर तिथेही चालतं, पण तो पैसा आमच्याकडे नव्हता.

लेकीच्या यादीत जड असं काहीच नाही. आरला झगमगीत ग्राफिक्स कार्ड नको, रॅम हवी, कारण ते सगळा डेटा रॅममध्ये घेऊन बसतं. म्हणून तिच्यासाठी मी घरच्यांच्या मनाविरुद्ध रिफर्बिश्ड घ्यायचं ठरवलं. वन्सं फोनवर हळहळल्या, "मुलीला सेकंडहँड?" लेक त्याहून जास्त फुगली. आज तीच लेक भाच्याचा नवा लॅपटॉप हातात घेऊन "ही वीट कोण उचलणार" म्हणते, पण ते पुढे.

डेल लॅटिट्यूड, लेनोव्हो थिंकपॅड, एचपी एलिटबुक या सिरीज मोठ्या कंपन्या शेकड्याने घेतात आणि तीन-चार वर्षांनी काढून टाकतात. तोच माल साफसूफ करून बाजारात येतो. या तिघांतलाच एक आम्ही घेतला: १४ इंची, आय-फाइव्ह दहावी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, चोवीस हजार पाचशे, सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी. त्याच दुकानात सातव्या पिढीचा सतरा हजारांना होता. मी नको म्हटलं, कारण विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे तेव्हाच जाहीर होतं. साडेसात हजार वाचवून सव्वा वर्षाचा लॅपटॉप कशाला घ्यायचा?

जुना लॅपटॉप बघायला गेलात तर एक गोष्ट करा. काळी कमांड खिडकी उघडून 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी लिहिलेली असते. आमची मुळाच्या ६८ टक्के निघाली. काउंटरवरचा पोरगा ती फाइल बघून मालकाला बोलवायला गेला. मालक आले, चष्मा लावून त्यांनी ती वाचली, म्हणाले, "भाभीजी, ये तो हमें भी नहीं पता था," आणि पंधराशे कमी केले. खरंच माहीत नव्हतं की काय, देव जाणे. पण माणूस चांगला वाटला. दुसरं म्हणजे मशीन बंद करून चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, शिरून बघा. जुन्या कंपनीचा पासवर्ड तिथे राहिला असेल तर पुढे पंचाईत. तिसरं, प्रत्येक की दाबा. आमची 'बी' दोनदा उठत होती, त्यांनी कीबोर्डच बदलून दिला.

भाच्याचा मात्र नवाच घेतला. १५.६ इंची, आय-फाइव्ह १२४५०एच, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, चार जीबीचं आरटीएक्स २०५० कार्ड. अठ्ठावन्न हजार, त्यात अठरा टक्के जीएसटी आला. रेव्हिटला १६ जीबी रॅम हवीच, त्याच्या खाली नाद करू नये. ग्राफिक्स कार्डाबद्दल आता माझं मत बदललंय. विद्यार्थ्याच्या घरगुती मॉडेलला रेव्हिट प्रोसेसर आणि रॅमच जास्त खातं, कार्ड बहुतेक वेळ झोपलेलं असतं. कार्ड जागं होतं ते रात्री अकरानंतर, आणि तेव्हा पडद्यावर इमारत नसते, क्रिकेट किंवा बंदुका असतात.

खोक्यावर ५१२ जीबी आणि विंडोजमध्ये ४७६ दिसतात, यावरून भाचा दुकानात भांडायच्या तयारीत होता. मीच थांबवलं. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. दोघांचे आकडे बरोबर, मापं वेगळी. पूर्वी कच्चा शेर आणि पक्का शेर असायचे, तसंच.

आता तक्रारी. दुकानांची आणि कंपनीची नावं लिहीत नाही.

पहिली तक्रार त्या दुकानाची, जिथे मला विंडोजशिवायचा, डॉसवाला लॅपटॉप सहा हजारांनी स्वस्त देत होते आणि वर "विंडोज-ऑफिस सब हम डाल देंगे, लाइफटाइम" असं सांगत होते. लाइफटाइम कोणाचा, ते विचारलं तर हसले. बिलावर विंडोज लिहून द्या म्हटल्यावर हसणं थांबलं. तिथून घेतला नाही.

दुसरी, जिथून घेतला तिथली. नव्या लॅपटॉपसोबत ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१ कायमचं आलं होतं. ते पहिल्यांदा चालू करताना ज्या ईमेलने लॉगिन कराल त्या खात्याला चिकटतं. पोराने मदत म्हणून सगळं सेट करून दिलं आणि लॉगिन केलं दुकानाच्या ईमेलने. आम्हाला महिन्याने कळलं, जेव्हा वर्ड दुसऱ्याच कोणाचं नाव दाखवायला लागलं. चार चकरा झाल्या. पहिल्यांदा चालू करायचं काम स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ईमेलने करा, दुकानदार कितीही प्रेमाने चहा पाजत असला तरी.

तिसरी भाच्याच्या लॅपटॉपच्या बिजागरीची. तेराव्या महिन्यात झाकण उघडताना कोपऱ्यातलं प्लास्टिक फुटलं. वॉरंटी बाराच महिन्यांची. सर्व्हिस सेंटरने वरचं पूर्ण झाकण बदलायचे सहा हजार आठशे सांगितले. शेवटी एका दुरुस्तीवाल्याने दोन स्क्रू आणि कसलातरी गोंद घालून चौदाशेत बसवून दिलं. दिसायला ढबोळं आहे, पण पाच महिने झाले, धरून आहे. पहिल्या वर्षातच दोनेक हजारांत वॉरंटी वाढवून मिळत होती, ती मी "बघू" म्हणून ठेवली होती. ते माझ्या खात्यावर लिहा.

सॉफ्टवेअरचं सांगायचं तर भाच्याने सुरुवातच उलटी केली. एका सीनियरने पेन ड्राइव्हवर क्रॅक केलेलं ऑटोकॅड दिलं. याने मला न विचारता टाकलं. तीन आठवड्यांत फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, अँटिव्हायरस आपोआप बंद पडला, आणि सर्व्हेच्या सगळ्या शीट गेल्या. जेवला नाही त्या रात्री. "मामी, तुम्ही आईला सांगू नका" एवढंच म्हणाला. मी सांगितलं नाही. आता वन्सं हे वाचतील तेव्हा त्यांना कळेल. लॅपटॉप कोरा करून पुन्हा विंडोज टाकावं लागलं.

हे सगळं कशासाठी, तर फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड आणि रेव्हिट दोन्ही फुकट देतं, एका वर्षासाठी, आणि शिकत असेपर्यंत दर वर्षी ते पुढे वाढवता येतं. फक्त विद्यार्थी असल्याचा पुरावा लागतो. आम्ही आधी ओळखपत्राचा फोटो टाकला, तो नाकारला गेला, कारण कार्डावर चालू वर्ष कुठेच नव्हतं. मग फीची पावती टाकली. तिच्यावर नाव, कॉलेज, तारीख सगळं होतं. काम झालं. पावती जपून ठेवायची आमच्या सासूबाईंची सवय घरात चेष्टेचा विषय होती, ती आता राहिली नाही.

रेव्हिटबद्दल एक गोष्ट मात्र आधी माहीत असायला हवी. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि ऑटोकॅडसारखं 'जुन्या रूपात सेव्ह करा' असंही नाही. भाच्याने हौसेने सर्वांत नवी आवृत्ती टाकली, लॅबमध्ये दोन वर्षं जुनी होती. अख्खा आराखडा लॅबमध्ये बसून पुन्हा काढला. लॅबमध्ये कोणती आवृत्ती आहे हे विचारायला दोन मिनिटं लागली असती. आता तो तीच वापरतो.

आयआयटी मुंबईचा फॉसी नावाचा मोफत सॉफ्टवेअरचा प्रकल्प आहे. त्यांचं ऑसडॅग नावाचं मोफत सॉफ्टवेअर पोलादी बांधकामाचं डिझाइन आपल्या आयएस ८०० या भारतीय मानकाप्रमाणे करतं. भाच्याने ते नुसतं उघडून बघितलंय, त्यामुळे मी मत देत नाही. पण आयआयटी मुंबईचेच 'स्पोकन ट्युटोरियल' मी स्वतः बघितलेत, लिबर ऑफिसचे, मराठीतून. छोटे छोटे धडे, शेजारी आपणही करत जायचं. आवाज थोडा बातम्या वाचल्यासारखा, पण सांगणं नेटकं. पन्नाशीच्या बाईला पिव्होट टेबल मराठीत समजावून सांगणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही.

लेकीच्या लॅपटॉपवर जवळजवळ सगळंच मोफत आहे. आर आणि आरस्टुडिओ, ग्रेटल, लिबर ऑफिस, संदर्भांसाठी झोटेरो. लॅबमधल्या एसपीएसएसच्या फाइल ग्रेटलमध्येही उघडतात आणि आरमध्येही, त्यामुळे एसपीएसएस घरी नसल्याचं काही अडलं नाही. तिसऱ्या सेमिस्टरला तिने पीएलएफएसच्या, म्हणजे सरकारच्या रोजगार पाहणीच्या, कच्च्या आकड्यांवर प्रोजेक्ट केला, मध्य प्रदेशातल्या बायकांच्या कामावर. ८ जीबीवर ते चालायचं, पण ब्राउझर बंद करून, श्वास रोखून. मग आम्ही मागचं झाकण उघडवून ८ जीबीची अजून एक पट्टी टाकली, एकोणीसशे रुपये, दहा मिनिटं. त्यानंतर तक्रार नाही. आता रॅम बरीच महाग झालीय, पण मुद्दा तो नाही; त्या चंदेरी ७५२०यूवर हे शक्यच नव्हतं.

झोटेरोवर लेक फिदा आहे. लेख सापडला की एक बटण दाबायचं, लेखक-साल-मासिक सगळं जमा. प्रबंधात संदर्भाची यादी आपोआप तयार होते, वर्डमध्ये आणि लिबर ऑफिसमध्येही. फुकटची ऑनलाइन जागा ३०० एमबी आहे, पीडीएफ ठेवायला ती पुरत नाही. ती पीडीएफ लॅपटॉपवर ठेवते आणि रविवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते. भाच्याच्या व्हायरसनंतर ती हार्ड डिस्क मी घेतलेली, देवघराच्या कपाटात असते.

लिबर ऑफिसचं एक दुखणं आहे. सरांना वर्डची फाइल हवी असते, आणि इकडे नीट दिसणारं टेबल तिकडे उघडलं की पानाबाहेर लोंबतं. शेवटच्या रात्री लेक भाच्याचा लॅपटॉप मागून वर्डमध्ये उघडून सगळं सरळ करते. म्हणजे ह्यांचं 'पाळीने वापरतील' थोडंसं खरं झालंच. भंवरकुव्याला प्रिंट काढायला जाताना फक्त पीडीएफ न्यायची. एकदा मूळ फाइल नेली होती, तर त्यांच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलून ४२ पानांची ४७ झाली, आणि पानाचे पैसे पानाप्रमाणेच लागतात.

मराठी टायपिंग हे माझं स्वतःचं प्रकरण. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा, कीबोर्ड आतच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. दुकानदार मात्र सरळ हिंदी लावून देतात. मी इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड, शिकले. कारण एकच, 'दुसऱ्या' आणि 'वाऱ्या'तला तो अर्धा र. त्यासाठी नुक्त्याचा ऱ हवा, तो शिफ्ट धरून 'जे' दाबला की येतो, मग हलन्त आणि य. हे कळेपर्यंत माझं 'दुसर्या' वाचून माझा भाऊ ग्वाल्हेरहून फोन करून हसायचा. हा सगळा मजकूर लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर लिहिलाय. कीबोर्ड इतका मऊ आहे की ऑफिसातला आता नको वाटतो.

वजनाचं राहिलं. लेकीचा दीड किलो, चार्जर पर्सच्या खणात जातो, आणि या जानेवारीत अठ्ठावीसशेची नवी बॅटरी घातल्यापासून पाच तास निघतात. भाच्याचा सव्वादोन किलो, वर अर्ध्या किलोचा ॲडॅप्टर, आणि बॅटरी दोन तासांत मान टाकते. वर्गात प्लग एकच, भिंतीशी. रेव्हिट चालू असलं की पंखा असा घोंघावतो की ह्यांनी एकदा मिक्सर बंद करायला सांगितलं होतं. पण मॉडेल अडकत नाही, फिरवलं की फिरतं. त्याच्या कामाला तोच हवा. फक्त पहिल्या वर्षी घ्यायला नको होता. पहिलं वर्ष गणित, फिजिक्स आणि कागदावरच्या ड्रॉइंगमध्ये गेलं. ते वर्ष कॉलेजच्या लॅबवर निघालं असतं आणि दुसऱ्या वर्षी त्याच पैशात पुढची पिढी मिळाली असती. वॉरंटीही तेव्हा सुरू झाली असती.

धारला जाताना भाचा हल्ली लेकीचाच लॅपटॉप मागतो, बसमध्ये मांडीवर मावतो म्हणून. ती देत नाही.

परवा वन्संचा फोन आला. धाकटी यंदा बारावी देतेय, तिच्यासाठी आतापासून बघून ठेवा, बजेट पन्नास. मी म्हटलं, वन्सं, कशाला प्रवेश घेणार ते ठरू द्या, मग सिलॅबस पाठवा. व्हॉट्सॲपवर तीन लॅपटॉपचे फोटो आलेत. सिलॅबस अजून आलेला नाही.